दारावरचा टॉवेल

बाबा,

तुला लिहायला बसले आणि पहिली आठवली ती तुझी झोप. लोकांना बाप आठवतो तो बोलताना, रागावताना, बाजारातून येताना. मला तू आठवतोस तो भर दुपारी, खिडकीला गोधडी बांधून केलेल्या अंधारात भिंतीकडे तोंड करून निजलेला. तुझ्या चेहऱ्यापेक्षा तुझी पाठच मला जास्त ओळखीची आहे.

आपल्या खाडीकाठच्या गावात दिवसा दार लावायची रीतच नव्हती. दिवसा बंद दार म्हणजे घरात कुणी आजारी, नाहीतर कुणी भांडून बसलेलं. मग शेतं गेली, मिठागरं गेली, रस्त्यापलीकडे कारखाने उभे राहिले आणि शेतात राबणारे बाप्ये पाळ्यांमध्ये वाटले गेले. नाईट करून आलेला माणूस दिवसा झोपतो, हे गावाला नव्याने शिकावं लागलं. पहिल्यांदा कुणाला सुचलं कोण जाणे, पण नाईटवाल्याच्या दाराच्या कडीला टॉवेल अडकवायचा, असं ठरून गेलं. टॉवेल दिसला की मासळीवाली हाक न देता पुढे जायची, पोरं लगोरी घेऊन देवळामागे पळायची, सख्खा भाऊ आला तरी आल्या पावली परत फिरायचा. देवळाच्या दाराला नसेल एवढा मान त्या टॉवेलला होता.

आपल्या घरी टॉवेल लावायचं काम माझं. आई सकाळीच टोपली घेऊन बाजाराला जायची, म्हणजे तुझ्या झोपेची राखण माझ्याकडेच. एकदा माझ्या पैंजणांनी तू जागा झालास. लाल डोळ्यांनी दारात येऊन म्हणालास, "मना झोपू देशील का नाय?" मी तिथल्या तिथे पैंजण काढून पत्र्याच्या पेटीत टाकले. संध्याकाळी ते तुझ्या लक्षात आलं. मग मला ताटाशी बसवून तांदळाच्या भाकरीचे तीन तुकडे केलेस.

"यो कंपनीचा, यो झोपंचा, न यो तुजा."

तिन्ही आठ-आठ तासांचे. माझ्या तुकड्यात मी पैंजण घालायचे आणि हवा तेवढा धिंगाणा करायचा, असा आपला करार. मी तो तुकडा लगेच खाऊनही टाकला. पण कंपनीचं पोट मोठं. बदलीवाला आला नाही की तुझ्या गळ्यात लागोपाठ दुसरी पाळी, डबल, पडायची. सुट्टीच्या दिवशीही बोलावणं यायचं आणि तुझ्या तोंडून नाही म्हणून निघायचं नाही. आई कुरकुरली की तू म्हणायचास, एकदा परमनंट होऊ दे, मग बघ. आधी माझा तुकडा गेला, मग झोपेचाही जायला लागला. पेटीतले पैंजण काळे पडले. मला तुझा फार राग यायचा, बाबा. आता सांगायला हरकत नाही.

मी सातवीत होते तेव्हाचा तो दिवस. संध्याकाळी शाळेत गॅदरिंग, त्यात माझा नाच, आणि तू यायचं कबूल केलेलं. मी चिंच लावून पैंजण घासून लख्ख केले होते. तू नाईट आणि तिला जोडून पहिली पाळी करून दुपारी चारच्या सुमाराला येतोस. चेहरा राखेसारखा. उंबऱ्यावर बसून तांब्याभर पाणी पितोस, छाती चोळतोस आणि आत जाता जाता सांगतोस, "जरा पडतू. आज टावेल नको लावू. कोनी आला तं येऊन दे."

तू डोळे मिटलेस आणि मी कडीला टॉवेल अडकवला. पैंजण हातात घेऊन, अनवाणी, आवाज न करता शाळेकडे निघाले.

नाच झाला. मी पडद्याआडून खुर्च्यांमध्ये तुला शोधत होते. तू नव्हतास. पुढच्या मुलींचा नाच सुरू असताना शेजारची काकी मला न्यायला आली आणि वाटभर माझा हात तिने सोडला नाही. आई बाजारातून आली होती, तुला उठवायला गेली होती, आणि तू उठला नव्हतास.

शेजारचा काका तुमच्याच कंपनीत, आजारी कामगारांना बघायच्या औषधांच्या खोलीत कामाला. गेटवर तुझी अवस्था बघून तो तुला म्हणाला होता, घरी जा, मी मागोमाग बघायला येतो. हे मला ओट्यावर कळलं. काका डोकं धरून बसला होता आणि जो येईल त्याला एकच सांगत होता, "मी आलतू. दाराव टावेल बगला, न मागारी गेलू." त्याला कुणी दोष दिला नाही. टॉवेल असताना मीसुद्धा दार वाजवलं नसतं. आई मरेपर्यंत म्हणायची, झोपेचा भुकेला होता बिचारा, त्यानेच लावला असेल. मी तिच्यासमोर भाजी निवडत बसायचे आणि मान खाली घालायचे. काका आत आला असता तर तू वाचला असतास का, हे कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. पण तेवढ्यानं सुटका होत नाही.

आता मी शहरात, सीवूड्सला राहते. तुझा नातू घरात बसूनच काम करतो, जेवताना एक डोळा फोनवर. मी झोपेवरून, वेळेवरून बडबडते. तो म्हणतो, "आई, तू नको टेन्शन घेऊ." परवा मी भाकरीचे तीन तुकडे केले. त्याने न बघता तिन्ही खाल्ले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टॉवेलांच्या घडीखाली ठेवून देणार आहे. एवढी वर्षं मी स्वतःला समजावत आले की टॉवेल तुझ्यासाठी लावला, तुला दोन तास झोप मिळावी म्हणून. ते खरं नाही, बाबा. तू गाढ झोपलास तर संध्याकाळी ताजातवाना होऊन माझा नाच बघायला येशील, म्हणून लावला. मला माझा तुकडा हवा होता.