झडतीच्या खोलीतून

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शिलाई मशीनच्या खणात टाकशील, म्हणून पत्ता शेजारच्या काकूंकडून लिहून घेतला. लबाडी आहे, मान्य. पण आता फोडलंच आहेस तर वाच. चौदा महिने तू माझा फोन उचलला नाहीस, त्यावरून भांडायला बसलेली नाही मी. आधी खुशाली सांगते. मी बरी आहे, चार किलो वजन उतरलंय, आणि प्रशिक्षणात धावण्यात माझा नंबर शेवटून दुसरा आला. शेवटून पहिली आली तिचा पाय मुरगळला होता.

सहा महिने नुसतं मैदान, कायदा आणि किल्ल्या. किल्ल्यांचं एवढं काय शिकायचं असं मला वाटायचं. पण तुरुंगात एक दार लागल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नसतं. कवायत घेणारे आमचे शिट्टीमास्तर कानाशी येऊन ओरडायचे, "लागलं असेल म्हणू नका, ओढून बघा आणि लागलंय म्हणा!" आता घरी एकटी असते तरी मोरीचं दार मी दोनदा ओढून बघते. महिला विभागात माझी नेमणूक झाली. पहिल्याच दिवशी शिरगणती करायला सांगितली. बरॅकीत त्रेचाळीस जणी. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा चव्वेचाळीस. घाम फुटला. वरिष्ठ बाई धावत आल्या, सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं केलं, आणि मग कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "अहो मॅडम, तुम्ही स्वतःला पण धरताय." अख्खी बरॅक हसली. वरिष्ठ बाई हसल्या नाहीत. त्या कधीच हसत नाहीत, तीस वर्षं नोकरीत काढलीत त्यांनी. पण त्या हसण्यानंतर मला रात्री नीट झोप लागली.

सगळंच असं गोड नाही हं. एकीने माझ्या अंगावर थुंकून झालंय. एक पोर, माझ्याहूनही लहान, आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला जेवायला उठवता उठवता माझ्या नाकी नऊ आले. आठव्या दिवशी ती उठली, दोन घास खाल्ले आणि मला म्हणाली, "तुमचा आवाज फार कर्कश आहे." मला मेडल मिळाल्यासारखं झालं.

तू विचारलं होतंस, एवढ्या नोकऱ्या पडल्यात जगात, हीच का? मी म्हटलं, पक्की नोकरी आहे, म्हातारपणी पेन्शन आहे. तू म्हणालीस, "म्हणजे तू त्यांच्यातली झालीस," आणि फोन ठेवलास. पेन्शनचं खोटं नव्हतं. पण ते अर्धंच होतं.

बाबांच्या ट्रकखाली तो माणूस गेला आणि बाबा न थांबता निघून आले, तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस, मी सहा. शिक्षा झाल्यावर तुरुंगात बाबांना भेटायला, पहिल्या मुलाखतीला, आई आपल्याला घेऊन गेली. तू पहाटे उठून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्यास, बाबांना आवडायच्या म्हणून. झडतीच्या खोलीत त्या खाकी साडीतल्या बाईने एक अक्षर न बोलता तुझ्या दोन्ही वेण्या सोडल्या, केसांत बोटं फिरवली आणि म्हणाली, "चला, पुढची." परत घालायला वेळ दिला नाही. तू तशीच, केस पिंजारलेली, जाळीसमोर उभी राहिलीस. बाबांनी तुला पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यानंतर तू कधीच आली नाहीस. बाबा घरी परतल्यावरही तुम्ही दोघं एका घरात पाहुण्यांसारखे वागलात, ते जाईपर्यंत.

मी मात्र जात राहिले. बाबा दरवेळी पहिलं तुझंच विचारायचे. मी सांगायचे, ताईची परीक्षा आहे. ताई, तीन वर्षं तुझी परीक्षाच चालू होती! बाबांना काय कळत नसेल? पण ते दरवेळी म्हणायचे, "असू दे, अभ्यास करू दे तिला." हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. आणखी एक सांगितलं नव्हतं. माझं डोकं त्या जाळीपर्यंत पोचायचं नाही. आई मला उचलून धरायची, तिचे हात भरून यायचे. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला एका बाईने कुठूनशी एक बादली आणली, पालथी घातली आणि मला तिच्यावर उभं केलं. मग प्रत्येक मुलाखतीला ती बादली आधीच तिथे मांडलेली असायची. ती बाई माझ्याशी कधी बोलली नाही, हसली नाही. पण त्या बादलीमुळे मी तीन वर्षं बाबांचा चेहरा नीट पाहिला. ती कोण होती ते तुला सांगायचं धाडस आजवर झालं नाही. तीच होती, ताई. तुझ्या वेण्या सोडणारी. मी तेव्हाही चक्रावले होते, अजूनही मला ते नीट उलगडलेलं नाही. एवढंच वाटायचं, की त्या खोलीत कोण उभं असतं यावर फार काही अवलंबून आहे. या भरतीची जाहिरात दिसली तेव्हा पहिली आठवली ती ती खोली.

दोन महिन्यांपूर्वी माझी ड्यूटी झडतीच्या खोलीतच लागली. पहिल्याच आठवड्यात एका लहान मुलाच्या मोज्यात ब्लेड सापडलं. मोठ्या माणसाने लपवलेलं, पोराला पत्ताही नव्हता. म्हणजे झडती हवीच, यात मला आता शंका नाही. आणि त्याच शुक्रवारी आजीचं बोट धरून एक मुलगी आली. नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्या. मी तिच्याकडे बघतच राहिले. मागे रांग ताटकळलेली, वरिष्ठ बाई घड्याळ बघतायत. मी खाली बसले आणि तिला म्हटलं, "वेण्या बघाव्या लागतात गं, सगळ्यांच्याच. तू सोडतेस का मी सोडू?" तिने स्वतःच सोडल्या. मी केस तपासले. मग तिला वळवून परत वेण्या घालायला लागले. दुसरी वेणी वाकडी झाली. ती म्हणाली, "घट्ट घाला, आई बघणार आहे."

वरिष्ठ बाईंनी तक्रार केली. आठ मिनिटं रांग थांबवली, नवीन शिपाई लाड करते. अधीक्षकांनी बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी कारण विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं, बाबांचं, तुझं, बादलीचं. वरिष्ठ बाई शेजारीच उभ्या होत्या. अधीक्षक म्हणाले, नियम मोडला का? वरिष्ठ बाई म्हणाल्या, "नाही साहेब. नियम नाही मोडला. वेळ मोडला." मग थोड्या घुटमळून म्हणाल्या, "बाहेर बाक टाकला आणि मुलांना आधी घेतलं, तर वेळही मोडणार नाही." आता मुलाखतीच्या दिवशी मुलांची रांग वेगळी असते. झडतीनंतर बाकावर बसून आया-आज्या त्यांचे केस विंचरतात. तिथला आरसा वरिष्ठ बाईंनी स्वतःच्या घरून आणून लावलाय. मी आभार मानले तर म्हणाल्या, "जास्तीचा होता, पडून होता." खोटं बोलतात त्या. त्याच्यामागे दुकानातली किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे.

आता हे पत्र का, ते सांगते. पुढच्या महिन्यात नव्या अठरा मुली भरती होतायत. झडतीच्या खोलीत मुलांशी कसं वागायचं, यावर त्यांच्यापुढे बोलायला अधीक्षकांनी मला सांगितलंय. मी चार दिवस कागद खरडतेय आणि चार दिवस फाडतेय. कारण माझे केस तेव्हा उवांमुळे बारीक कापलेले होते. मला त्या खोलीत कुणी हात लावला नाही. मला बादली मिळाली. तिथे मुलीच्या मनात काय होतं ते फक्त तुला माहीत आहे, आणि तू ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाहीस, मलासुद्धा नाही. येशील का? दुसऱ्या गुरुवारी, सकाळी दहाला. प्रशिक्षणाची खोली फाटकाच्या बाहेर आहे, आत पाऊल टाकावं लागणार नाही. पाच मिनिटं बोललीस तरी पुरे. रडू आलं तर येऊ दे. आम्हाला शिव्या घालायच्या असतील तर त्याही घाल. त्या अठरा जणींनी ऐकायला हवं, आणि त्यांच्याआधी मी. मी गणवेशातच असेन, तो उतरवून तुझ्यापुढे येणं खोटं होईल. पण पहिल्या रांगेत बसेन, आणि तुझं बोलणं संपेपर्यंत जागची हलणार नाही.

तुझीच,
धाकटी