पहिलीचा वर्ग सजवताना

ती. ताई,

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंस तर मिळेल त्या गाडीने मला न्यायला येशील.

उद्या सुट्टी संपून शाळा उघडते. आज जवाहर नगरातल्या शाळेत जाऊन माझा पहिलीचा वर्ग लावला. घरातलं कपाट अंगावर पडून माझा कौशिक गेला, तेव्हापासून मला उंच वस्तूंची धडकी भरते. वर्गातलं कपाट मी व्हरांड्यात काढायला लावलं आणि पुस्तकं जमिनीवर मांडली. दरवर्षी छताला कागदी पतंग टांगते. यंदा दोरा कुणाच्या गळ्यात अडकेल या भीतीने ते भिंतीलाच चिकटवून टाकले.

मुख्याध्यापिका माथुर मॅडम दारात थबकल्या. "वल्लरीजी, ये पतंग हैं या नोटिस?" मग हळूच म्हणाल्या, "डर लगता है तो इस साल लाइब्रेरी ले लीजिए. वहाँ शांति है."

शांतता घरी आहेच, ताई. मी म्हटलं, "नहीं मैडम, मुझे बच्चे चाहिए."

बोलून तर गेले. उद्या कौशिकच्या वयाची मुलं धावतच आत येतील. 'धावू नका' म्हणून ओरडायचं नाही, एवढंच ठरवलंय. जमेल की नाही, माहीत नाही.

तुझी,
वल्लरी