पुढची चटई कोणाची?

३ मार्च, शनिवार

पुन्हा हाकललं! मामीच्या गॅरेजमध्ये दहा-बारा बायका अळूच्या पानांत मटण बांधत बसल्या होत्या. मी एक पान उचललं, तर मामी ओरडलीच — "अगं ए, ठेव ते! तू बाहेर बस बघू." वर हातात थंडगार शहाळं दिलं. तिच्या लेकीला, लोसाला, मात्र सोलायला कांद्याची अख्खी गोणी! "मजा आहे बाई तुझी," लोसा नाक पुसत म्हणाली.

कसली मजा? काय गौडबंगाल आहे हे?

५ मार्च

आई टोंगा बेटांवरची, म्हणून डबोत, बाबांच्या गावी, मी ‘ती टोंगाची’ होते. इथे सिडनीत मामाकडे येऊन चार महिने झाले, तर ‘ती गोऱ्याची’ झाले की काय? मामी कशालाच हात लावू देत नाही. आई असती तर विचारलं असतं. ती गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिच्या हातांना खोबरेलाचा वास यायचा, एवढंच आठवतं.

७ मार्च

आज मामी चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली आणि मी सगळी भांडी घासून टाकली! चकाचक. ती आली, बघितलं, आणि आधी खिडकीचा पडदा ओढला. "कोणी पाहिलं नाही ना? शेजारणीला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही मला!"

भांडी घासली तर कुणाचं नाक कसं कापलं जातं? समजून घ्यायलाच हवं.

१५ मार्च

परवा लोसाचा एकविसावा वाढदिवस. जेवायला तीनशे माणसं! मामाने पेटीतून माझ्यासाठी चटई काढली, टोंगाचे लोक समारंभात कपड्यांवरून कमरेला बांधतात ती. जुनी, कापडासारखी मऊ, काठाला लाल पिसं. लोसाचा वाढदिवस आणि तिची चटई साधीच! "तुझ्या आईची," मामा म्हणाला आणि लगेच बाहेर गेला.

१७ मार्च, दुपार

बसथांब्यावर लिहितेय. हॉलच्या स्वयंपाकघरात ताटं वाढायला गेले, तर मामी सगळ्यांदेखत — "इथे नको! पुढे जा!" पुढे कुठे? पुढे बसायची एकच चटई, तीही रिकामी. एका आजीला विचारलं, ही कोणाची? "लोसाच्या आत्याची." म्हणजे माझ्या आईची! गेलेल्या माणसाला जागा आहे, मला नाही. फार लागलं. बाबांना कळवलं, उद्या येते.

१८ मार्च

बाबांना कळवलं, येत नाही.

काल मामा धापा टाकत बसथांब्यावर आला. "अगं, तीनशे माणसं उपाशी बसलीत! पाद्रीबाबांनी प्रार्थना अडवून धरलीय."

"माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी? आत्या नाही, तर तिची लेक. सगळ्यात मोठा मान तुझा. तू बसल्याशिवाय आपल्यात कोणी घास उचलत नाही. आणि तू ताटं वाढायला निघालीस!"

मी रडतच ओरडले, "मग मला कोणी सांगितलं का नाही?"

मामाला प्रश्नच कळला नव्हता.

"सांगायचं काय त्यात? तू आमचीच ना?"