कोटाचं मधलं बटण

९ फेब्रुवारी

सोपा मार्ग! आज पुन्हा ऐकलं. लॉन्ड्रीतला इस्त्री विभागाचा मुकादम, चहाच्या टेबलाशी, सगळ्यांच्या देखत — "बाईंचं बरंय. पोट कापून घेतलं, झाल्या बारीक. आम्ही इथे दिवसभर वाफेत उकडतो तरी ढेरी हलत नाही." सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्याचाच राग घरी येऊन डोक्यात बसलाय.

सोपा म्हणे! पोटाचा पाऊण भाग काढून टाकला, उरला केळ्याएवढा. दोन महिने चमच्याने सूप. मूठमूठ केस गळले. दीड वर्ष झालं तरी एक वाटी संपवायला अर्धा तास लागतो. घास घाईने गेला की उठून संडास गाठायचा. एकशे अठरा किलोची मी शहात्तरवर आले. इन्सुलिनची सुई सुटली. आईचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, मग ती गेली. साखरेने तिला तुकड्यातुकड्याने नेलं. मला तसं जायचं नाही. एवढ्याचसाठी ऑपरेशनच्या टेबलावर आडवी झाले, बारीक दिसण्यासाठी नव्हे. हे मुकादमाला सांगायला हवं होतं. युनियनच्या सभेत गेटवर दोनशे जणांपुढे तोंड चालतं, आणि चहाच्या टेबलाशी मी हसले!

१० फेब्रुवारी

काल झोपताना जुनी गोष्ट आठवली, ती लिहून ठेवते. ऑपरेशननंतर मी दिवसातून पाच वेळा वजनकाट्यावर चढत होते. दोनशे ग्रॅम वर, दिवस मातीत. दोनशे ग्रॅम खाली, मी राणी. गेल्या सप्टेंबरात एका सकाळी भानावर आले — आयुष्यभर मालकांच्या आकड्यांशी भांडले, आणि घरात एका चौकोनी डब्याची गुलाम झाले! काटा उचलला आणि नणंदेला देऊन टाकला. मास्तरला बजावलं, या घरात वजन हा शब्द काढायचा नाही.

(मास्तर म्हणजे नवरा. शिंपी. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणतात, मीही.)

माझं माप आता एकच. करडा कोट. सभेला घालते तो. त्याचं मधलं बटण लागलं की मी ठीक. आज लागलं. विषय संपला.

१६ फेब्रुवारी

नणंद जेवायला. "वहिनी, तू अगदी पाखरासारखं खातेस गं. पण चेहरा किती उतरलाय." जाड होते तेव्हा हीच म्हणायची, चेहरा सुंदर आहे, जरा अंगाचं बघ. यांना हवी असलेली बाई कुठल्या वजनाची असते, एकदा लिहून द्या!

आणि मास्तर. ताटातलं अर्धं तसंच. "भूक नाही. तुझ्याबरोबर मलाही थोडं पुरतं." म्हणे! माझ्यासमोर बसून माझ्याहून कमी खायचं, याला काय म्हणायचं? न बोलता टोमणा मारायची विद्या शिंप्यांना जन्मतःच येत असावी.

२१ फेब्रुवारी

आज गेटवर दोन सभा, दोन्ही पाळ्यांना. जेवणाच्या सुट्टीचं भांडण ऑक्टोबरपासून चाललंय. मालकांना तीस मिनिटांची वीस करायची आहेत. चादरींचं काम वाढलंय, माणसं वाढवायची नाहीत, मग मिनिटं कापा. मी म्हणाले, वीस मिनिटांत हात धुवायचे, रांग लावायची, डबा उघडायचा, गिळायचं — माणसाला गिळायला लावणं ही मारहाणच आहे, फक्त वळ दिसत नाहीत. टाळ्या पडल्या. वाफेच्या प्रेसवरची ती ठेंगणी, वाफवाली म्हणतात तिला, ती रडत होती. तिच्या डब्यातली भाजी रोज अर्धी परत जाते.

घसा टिकला. मधाच्या गरम पाण्याचा थर्मास आता तिसरा बाहू झालाय. दर दोन वाक्यांना एक घोट. आहाराची वही रोज भरते, बदामाचे चार दाणेसुद्धा लिहिते; पण थर्मास लिहीत नाही. ते खाणं नव्हे. गवंड्याची थापी, न्हाव्याचा वस्तरा, तसं माझं मधाचं पाणी.

२७ फेब्रुवारी

बटण लागतं. आवाज खणखणीत. मुकादम नजर चुकवतो. झकास.

४ मार्च

मास्तरचं काय चाललंय? मी उद्याच्या भाषणाचा सराव करतेय, आणि हा दर पंधरा मिनिटांनी उठतो. पाणी पितो, बाथरूमला जातो, येऊन बसतो, पुन्हा पाणी. मी लयीत आले की नळ सुरू! म्हणाले, मास्तर, श्रोता आहेस की पाणपोई? तो हसला. म्हणाला, उकडतंय. मशीनशेजारी बाटल्या ठेवल्यात, तीन. गिऱ्हाइकं चेष्टा करतात म्हणे.

मुद्दाम करतो असं वाटतं. माझी भाषणं त्याला पाठ झालीत. कंटाळला असेल. मग सांग ना तसं!

११ मार्च

अठरा महिन्यांची तपासणी. 

काटा म्हणाला, त्र्याऐंशी पूर्णांक चार.

मी म्हणाले, काटा चुकीचा आहे. आहारतज्ज्ञ मुलगी, शांत, केस मागे घट्ट बांधलेली, म्हणाली, दुसऱ्यावर बघू. दुसऱ्यावर त्र्याऐंशी पाच. मी म्हणाले, तिसरा आणा. तो लहान मुलांच्या विभागातून आणला. त्यावर पायाखाली हत्ती काढलेला होता. त्र्याऐंशी चार.

मग मी बोलले. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, बाकड्यांवर बसलेल्या सगळ्या पेशंटांपुढे. यंत्राच्या हुकमतीवर, माणसाला आकडा करून टाकणाऱ्या दवाखान्यांवर, या विषयावरची चार पुस्तकं वाचलीत मी, चारही वापरली. आणि पुरावा म्हणून कोटाचं बटण सर्वांसमोर लावून दाखवलं. "हा कोट शहात्तर किलोच्या बाईच्या मापाने शिवून घट्ट केलेला आहे. सात किलो वाढले असते तर हे लागलं असतं?"

सर्जन दारात उभे होते. पूर्ण ऐकून घेतलं. मग रक्ताचा कागद पुढे केला. उपाशीपोटीची साखर वर चढतेय. अजून सीमेवर आहे. ते हळू म्हणाले, "तीन महिने देतो. वजन खाली आलं नाही तर गोळ्या. त्यापुढे पुन्हा सुई."

कागद खोटा म्हणता येईना. पण बटण तर लागत होतं!

१२ मार्च

समजलं. असं समजायला नको होतं.

सकाळी कोट उलटा करून खिडकीत धरला. बाजूच्या शिवणीत सुईच्या जुन्या भोकांच्या तीन ओळी, एकीच्या बाहेर एक. उन्हात चाळणीसारख्या दिसतात. धागा नवा, कोटाहून एक छटा गडद. म्हणजे तीनदा उसवला, तीनदा सैल केला. आत जादा कापड होतंच. मी बारीक होत गेले तेव्हा मास्तरने कोट आत घेतला, पण जादाचं कापलं नाही. एक चिंधी कापली नाही!

दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, ते निघून जाईपर्यंत उभी राहिले. मग कोट मशीनवर आपटला.

त्याने कैची बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तू सभेला निघाली होतीस. बटण ताणत होतं. तेव्हा सांगायचं?"

म्हटलं, हो! तेव्हाच!

"वजनाचा शब्द काढायचा नाही, तूच म्हणालीस." आणि मग, "मी शिंपी आहे. चाळीस वर्षं झाली, गिऱ्हाईक जाड झालं म्हणून कधी तोंडाने बोललो नाही. टेप लावतो, आकडा वहीत लिहितो, उसवतो, शिवतो. माणूस आरशात बघून खूश होऊन जातो. हाच धंदा आहे."

म्हटलं, मी गिऱ्हाईक आहे?

त्याने कोटाची घडी घालून माझ्यापुढे ठेवली.

आईचा पाय त्याने पाहिलाय. पट्टी बदलताना त्याने दिवा धरलाय. तरी त्याने मला पाच महिने आरशात खूश ठेवलं! आणि जादाचं कापड कापलं नाही, म्हणजे पहिल्या दिवसापासून धरून चालला होता — ही परत फुगणार. एवढा विश्वास!

पैजेने लिहिते, आठवडाभर बोलणार नाही.

१४ मार्च

आहारतज्ज्ञ मुलीचा फोन. कॉरिडॉरमधलं भाषण तिने ऐकलं नसल्यासारखं बोलली, त्याबद्दल तिला गुण. तपासणीला दिलेली वही वाचून झाली होती तिची. म्हणाली, बाई, वही चोख आहे, एवढ्या खाण्यावर वजन वाढणार नाही. दिवसभरात घशाखाली काय काय जातं ते सांगा, खाणं नव्हे ते सुद्धा.

सांगितलं. थर्मास. किती मध? दोन मोठे चमचे. किती थर्मास? सभेच्या दिवशी तीन. सभा किती? रोज.

 मग तिने समजावलं की छोट्या पोटाचा पहारा घट्ट अन्नावर असतो. पातळ पदार्थ त्याला विचारत नाही, वाहून जातो. रोज सहा चमचे मध, ऑक्टोबरपासून. हिशेब तिने केला नाही, मीच केला. सात किलो जवळजवळ तंतोतंत!

आता कुणावर ओरडू? मुकादम, नणंद, काटा, मास्तर — पाच महिने सगळ्यांवर ओरडत होते आणि दर दोन वाक्यांना एक घोट घेत होते.

नणंदेकडून काटा परत आणला. ती दारात काहीतरी बोलणार होती. माझं तोंड बघून तिने नुसता काटा पुढे केला.

१७ मार्च

आज साधं पाणी घेऊन गेटवर गेले. बाराव्या मिनिटाला आवाज फाटला. बोलायचा प्रयत्न केला, नुसती हवा. दोनशे जण बघताहेत, मुकादम खिडकीत. तेवढ्यात वाफवाली पुढे आली आणि माझ्या हातातला कर्णा घेतला. तिला भाषण येत नाही. तिने फक्त सांगितलं, ती रोज किती वाजता डबा उघडते, किती घास होतात आणि घंटा होते तेव्हा डब्यात काय उरलेलं असतं. चार मिनिटं. माझ्या चार पुस्तकांपेक्षा जास्त शांतता होती.

मग मास्तरची आठवण आली. तोही असाच कमी बोलतो. लगेच राग आला, की का आठवण आली!

सकाळी काटा — ब्याऐंशी नऊ.

१८ मार्च

अबोल्याचा सहावा दिवस. तो स्वयंपाक करून झाकून ठेवतो, स्वतः दोन घास खातो, दुकानात जातो. जाऊ दे.

उद्या माझी सुट्टी. कपाटातला प्रत्येक कपडा उलटा करणार. कशाकशात फसवलंय ते मोजणार, आणि सगळं जादाचं कापड माझ्या हाताने कापून त्याच्या मशीनवर ढीग लावणार. मग बोलेन. असं बोलेन, की त्याला गेट आठवेल.

१९ मार्च

माझे सगळे कपडे पाहून झाले. तीन सैल केलेले. मग हाताला त्याची पॅंट लागली. म्हटलं, बघू, यातही काही लबाडी. शिवणीत भोकांच्या चार ओळी — आतल्या बाजूला. कंबर चारदा आत घेतलेली. दुसरीही तशीच. पट्ट्याला टोच्याने पाडलेली तीन नवी भोकं.

पाणी. बाथरूम. अर्धं ताट. मी, जिच्या घरात आईचा पाय गेला, मी!

धावत दुकानात. माझं जुनं साखरेचं मशीन, नव्या पट्ट्या. बोट पुढे कर म्हटलं, त्याने केलं. चारशे अठरा. "तुझ्याबरोबर थोडं खातो म्हणून उतरतंय, असं वाटलं," म्हणाला. मग मशीनकडे बघून, "दुसऱ्यावर बघू या का?"

औषधवाल्याकडून दुसरं आणलं. चारशे सहा.

दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात आहे. कोट अडकवला. काल त्याने तो न सांगता पुन्हा शहात्तरच्या मापाला आणून ठेवलाय. बटण लागत नाही. उघडाच घालून निघते.