आर्यच्या गाडीच्या सहा बॅटऱ्या

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ८.
आजपासून आर्यच्या गाडीच्या बॅटऱ्या माझ्या ताब्यात. बायकोला, नेत्राला, तसं सांगितलं. ती म्हणाली, घ्या. इतक्या सहज म्हणाली म्हणजे तिलाही ओझंच झालं असणार.

गाडी १९६४ची, जांभळी इम्पाला. लोरायडर. डिकीत दोन पंप आणि सहा बॅटऱ्या. सीटजवळचं बटण दाबलं की गाडी नाक वर करते, खाली बसते, एका कुशीवर झुकते. एवढ्यासाठी आमच्या एकुलत्या एका मुलाने, आर्यने, कॉम्प्युटर सायन्सचं शेवटचं वर्ष सोडलं आणि जूनमध्ये सॅन अँटोनिओला असल्याच गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. तिथे त्याला गॅरेज नाही, म्हणून गाडी इथे अर्विंगला आमच्याकडे. उन्हाळाभर दर शनिवारी नेत्राने चार्जिंग केलं. पण बॅटरी हा अनुभवाचा विषय आहे. अमरावतीला बारा-बारा तास लोडशेडिंग असायचं तेव्हा घरचा इन्व्हर्टर मी सांभाळलाय.

२२ नोव्हेंबरला आर्य गाडी न्यायला येणार. गाडी न्यायला येणार म्हणजे घरी येणार, घरी येणार म्हणजे जेवणार, जेवणार म्हणजे बोलणार. चार महिन्यांत मला त्याचा फोन नाही. आईला रोज असतो. कामात असेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
बॅटऱ्यांची पूजा केली. सहाही जणींना हळदकुंकू, झेंडू. टर्मिनलवर कुंकू लावू नका, असं नेत्राचं म्हणणं. लावून झालं होतं.

संध्याकाळी शेजारचा ऋषी सहकुटुंब सोनं द्यायला आला. गाडी दाखवली. त्याच्या मुली ‘अगेन, काका, अगेन’ करत राहिल्या. तीसेक वेळा नाक वर-खाली केलं. ऋषी म्हणाला, आर्यने काय काम केलंय यार. मी म्हणालो, मेंटेनन्स माझा आहे.

चार्जिंग शनिवारी.

४ ऑक्टोबर, शनिवार.
चार्जिंग नाही. ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज होतं. शिवाय सारखं चार्ज केलं की बॅटरी लाडावते.

११ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३.
डिकीच्या झाकणाला आर्यने यादी चिकटवली आहे. आधी ग्राउंडची वायर काढा. गॅरेजचं दार उघडं ठेवा. पाणी फक्त डिस्टिल्ड, तेही चार्जिंगनंतर, काठोकाठ नाही. इंग्लिशमध्ये, ठळक अक्षरात, बापाला शिकवल्यासारखी. मुळात ती नेत्रासाठी होती, हे मान्य.

पाणी आधीच भरलं. तहानलेल्याला आधी पाणी देतात, मग जेवण. काठोकाठ भरलं, म्हणजे महिनाभर बघायला नको. डिस्टिल्ड संपलं होतं. स्वयंपाकघरातलं आरओचं घेतलं. एकच असतं. मग चार्जर लावला.

संध्याकाळी ६.
पाणी उतू गेलं. पाणी म्हणजे ॲसिड. डिकीतल्या जांभळ्या मखमलीला भोकं, माझ्या पँटला दोन. गॅरेजभर सडक्या अंड्यांचा वास. दार बंद होतं, कारण बाहेर डास. नेत्राने येऊन दार उघडलं, बराच वेळ खोकली आणि म्हणाली, आर्यला एक फोन करून विचारा.

हे बरं सुचवलं. बॅटरीच्या पाण्याबद्दल बापाने मुलाला फोन करायला हरकत नाही. टेक्निकल प्रश्न आहे. उद्या करतो. मखमलीवर टॉवेल टाकला.

१२ ऑक्टोबर, रविवार.
फोन केला नाही. रविवारी माणसाला झोपू द्यावं.

२० ऑक्टोबर, सोमवार. लक्ष्मीपूजन.
आर्यने नेत्राच्या फोनवर शुभेच्छा पाठवल्या. शेवटी ‘टेल बाबा टू’. म्हणजे बोलणं सुरू झाल्यासारखंच आहे.

नेत्रा म्हणते, तो जूनचं विसरलेला नाही. जूनमध्ये विशेष काही झालं नव्हतं. तिच्या वाढदिवसाला वीस-बावीस माणसं होती. कोणीतरी विचारलं, आर्य सध्या काय करतो. मी म्हणालो, गाड्या नाचवून पोट भरणाऱ्याला मी माझा मुलगा म्हणत नाही. पुढे मी जेवायला चला असंही म्हणालो होतो, ते कोणी लक्षात ठेवत नाही. आर्यच्या हातात तेव्हा केकची प्लेट होती. ती त्याने टेबलावर ठेवली आणि वर जाऊन बॅग भरली. मी अडवलं नाही. चार दिवसांत येईल असा अंदाज होता.

८ नोव्हेंबर, शनिवार.
मीटर आणून मोजणी. एक बॅटरी साडेदहा व्होल्टवर, बाकीच्या बऱ्या. नवीन आणून त्या पाच जुन्यांत बसवली. यादीत लिहिलंय, जुन्यात नवी मिसळू नका. पण नवीन माणूस आला की जुने सुधारतात, हा ऑफिसचा अनुभव.

नेत्रा म्हणाली, फोन. मी म्हणालो, सगळं ठीक झाल्यावर करतो. बिघडलेलं सांगायला काय फोन करायचा?

१५ नोव्हेंबर, शनिवार.
टेस्ट म्हणून गाडी खाली बसवली. बसली. उठत नाही. खाली बसायला करंट लागत नाही, उठायला लागतो. पोट फरशीला टेकलंय. पंप एकदा कण्हला, मग तेही बंद. सहापैकी चार गेल्या, नवी धरून.

रात्रभर चार्जिंगला लावू असं ठरवलं. नेत्राने चार्जर प्लगमधून काढून स्वतःजवळ ठेवला. घर जाळाल, म्हणाली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, या आवाजात पहिल्यांदा बोलली.

आर्य यायला सात दिवस.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
नेत्राने त्याला सगळं कळवलंय. ट्रेलर घेऊन येतोय. रागावलाय का, विचारलं. नाही म्हणाली. तिने पुरणपोळ्या केल्या. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. सात मुद्दे आहेत. भीती वाटते आहे. हे इथेच लिहितो.

२२ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ५.
आर्य आला. सोबत त्याचा मित्र रुबेन, ट्रेलर त्याचाच. आर्यने दाढी ठेवली आहे. वाकून नमस्कार केला, मला अपेक्षित नव्हतं. मग डिकी उघडली, टॉवेल उचलला, खाली ठेवला. हसला. इट्स ओके बाबा, बॅटरीजच आहेत.

मी सुरुवात केली. चुकलंच माझं म्हणालो. पाणी आरओचं वापरलं, चुकलं. आधी भरलं, चुकलं. जुन्यात नवी घातली, तेही. सॉरी म्हणालो. चार-पाच वेळा म्हणालो असेन. आर्य ऐकत उभा होता. रुबेन उगाच बाहेर जाऊन ट्रेलरचे पट्टे बघायला लागला.

आर्यने विचारलं, “सॉरी गाडीबद्दल ना, बाबा?”

मी म्हणालो, “हो, गाडीबद्दलच. आणखी कशाबद्दल?”

मी कागद बघितला. सात मुद्दे, सगळे बॅटरीचे. मग तो म्हणाला, ओके. रुबेनला हाक मारली. दोघांनी ट्रेलरच्या विंचची तार लावून गाडी ओढली. फरशीवर तिच्या पोटाचा ओरखडा उठला, दारापर्यंत. जेवायला थांबला नाही. पोळ्या नेत्राने डब्यात दिल्या, दरवाज्यातच. आर्यने तिला मिठी मारली, बराच वेळ. मला हात केला.



२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.
ठरवलं. फोन करायचा. बॅटरी नाही, पाणी नाही, काहीही विचारायचं नाही. जूनमध्ये जे बोललो त्याबद्दल माफी मागायची. कागदाशिवाय. नेत्राला सांगितलं. ती समोर येऊन बसली.

आर्यचं नाव काढून लावला. रेकॉर्डिंग लागलं, हा नंबर सेवेत नाही. पुन्हा लावला. तेच.

नेत्रा म्हणाली, जूनमध्ये तो गेला त्याच आठवड्यात तुम्ही फॅमिली प्लॅनमधून त्याची लाइन कॅन्सल केलीत. नवीन नंबर त्याने जुलैत घेतला.

केली होती, खरं आहे. शिस्त म्हणून. विसरलो होतो. पाच महिन्यांत एकदा जरी फोन लावला असता, तरी कळलं असतं.

तिने नवा नंबर कागदावर लिहून दिला आणि आत गेली. तासभर झाला. कागद समोर आहे. फोन अजून लावलेला नाही.