पिवळी चौकट

रविवार, १४ जून

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणताहेत? आम्ही सगळे मजेत.

हॉस्पिटलमधली माझी पिवळी चौकट अखेर रुळली. फोनवर सांगितलं होतं ना, डॉक्टरांनी दम्याच्या मुलाची फाइल संगणकावर उघडली की ती झळकते: 'हे मूल नव्या औषधाच्या संशोधनात बसू शकतं. विचारायचं?' खाली दोन बटणं, 'विचारलं' आणि 'नंतर'. सुरुवातीला सगळे डॉक्टर माशी हाकलावी तसं 'नंतर' दाबून मोकळे होत. मी खोलीखोलीत जाऊन त्यांचं डोकं खाल्लं. आता मला पाहताच मोठे डॉक्टर हात वर करतात, "विचारलं हो बाई, विचारलं!" संशोधनात मुलं भराभर येताहेत आणि मी जाम खूश आहे.

आमची लेक मिरचीही छान आहे. मंगळवारी तिला दम्यासाठी तपासायला नेलं होतं, खोकला कमी आहे. मोठ्या डॉक्टरांनीच तिची फाइल उघडली.

आता लिहूनच टाकते. चौकट झळकली. डॉक्टर मिशीत हसले, "काय बाई, विचारू का?" आणि ताई, माझ्या तोंडून निघालं, "नंतर." रोज दुसऱ्यांच्या आयांना मी हे सगळं हसतमुखाने समजावते. स्वतःच्या पोरीवर आलं, तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

पण तुझी भाची कसली गप्प बसते!

"नंतर म्हणजे कधी? आणि विचारणार कुणाला, मला की आईला?"

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि सगळं नीट सांगितलं.

"टोचणार?"

"हो. रक्त काढावं लागेल."

"मधेच नको म्हटलं तर?"

"तर थांबायचं. कुणी रागावणार नाही."

"मग मला चालेल. आता आईला विचारा."

घरी आम्ही नवरा-बायकोने कागद वाचले, शंका विचारल्या आणि शुक्रवारी सही केली. भीती गेलेली नाही, पण पोरीचा अभिमान त्याहून मोठा आहे.

गुरुवारी तिचं पहिलं रक्त काढतील. तिच्या बाबतीत मी काम करायचं नाही, असा नियमच आहे. त्या खोलीत मी नुसती आई. तिला सुई टोचताना मला बघवणार नाही, हे तिने बरोब्बर ओळखलंय. म्हणते, "मावशीला बोलाव. एका हाताने मला धरेल, दुसऱ्याने तुला."

येशील ना? काहीही कळव, फक्त 'नंतर' म्हणू नकोस.

तुझी,
अजूनही हात धरावा लागणारी धाकटी