इव्हानचा ओंडका

ट्रेवर्न, २४ एप्रिल

प्रिय एम्रिस भाऊजी,
स. न. वि. वि., पण आज विनंती काही नाही, सांगणंच आहे. रानात आडव्या पडलेल्या ओकचा बाक करायचा आणि त्यावर इव्हानच्या नावाची पितळी पट्टी लावायची, हे तुम्ही चॅपलमध्ये परस्पर ठरवलंत. सुतार करवत घेऊन आला. मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

तुमचा भाऊ दर मे महिन्यात त्या झाडापाशी का बसायचा, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. त्याच्या सुटलेल्या सालीखाली एका पतंगाच्या अळ्या हिवाळा काढतात. बुरशी आणि कुजकं लाकूड खातात, तिथंच कोष करतात. पतंग सातूच्या दाण्याएवढा. डोकं-खांदे पिवळेधमक, मागे जांभळट काळा. जुनं मेलेलं झाड नसेल, तर तोही नाही. इव्हान गेल्यावर त्याची पुस्तकं काढून, अडखळत का होईना, मी हे वाचलं. ओंडका हलणार नाही.

माझा लोभ आहेच, तुमचा तुम्ही बघा.
ग्लेनिस

कार्डिफ, २ मे

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि. चॅपलमधले विचारतात, नवऱ्याच्या नावाचा बाकसुद्धा नको, ही कसली बायको? टेकडीवर गावातल्या सगळ्या गेलेल्यांचे बाक आहेत. माझ्याच भावाचा नाही, तो एका किड्यापायी? रान निम्मं माझंही आहे. सोमवारी सुतार पुन्हा येईल. पट्टी टपालाने पाठवतो आहे. रागावलात तरी मनुकांचा केक बंद करू नका.
तुमचा एम्रिस

ट्रेवर्न, २० मे

प्रिय भाऊजी,
सोमवारी मी विणकाम घेऊन ओंडक्यावरच बसले होते. सुतार म्हणाला, उठता का? मी म्हटलं, माझ्यासकट काप. त्यानं करवत खाली ठेवली, शेजारी बसून डबा खाल्ला आणि गेला.

पट्टी पोचली. ओंडक्याला ठोकली नाही, खिळा नेमका एखाद्या कोषात जायचा. खुराड्याच्या दारावर लावली आहे. कोंबड्या इव्हानच्या नावाखालून आत-बाहेर करतात. तो असता तर पोट धरून हसला असता.

लोकांना सांगा, बायको अशीच आहे.

काल ऊन चढल्यावर पहिला पतंग सालीवर येऊन बसला. इव्हान बसायचा त्या जागी मी बसले होते. घरी येऊन रडले, मग केक भाजला. तो सोबत आहे. निम्म्या रानाचे मालक आहात, तर एकदा येऊन बघा तरी. येताना उशी आणा. ओंडका ओला असतो.

रागासकट लोभ असू द्या.
ग्लेनिस